रिकाम्या जमिनीचे तण

धुळ्याचा पाऊस बेताचाच. पण उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीला पहिल्या दोन सरी मिळाल्या की आठ दिवसांत तिचा रंग पालटतो. ज्याने काहीच पेरले नाही त्याच्याही अंगणात हिरवळ उभी राहते. व्यापारी कुटुंबाला या तणाचा स्वभाव समजावयास अवघड जाऊ नये. वसुलीकडे दुर्लक्ष झालेल्या उधारीसारखे ते असते. आज किरकोळ वाटते आणि दिवाळीला वही उघडली की आकडा डोळ्यांत भरतो.

गाजर गवताचेच पाहावे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. परदेशातून आयात झालेल्या धान्याबरोबर ते आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि चांगले वाढलेले एक झाड हजारोंनी बी टाकते. चक्रवाढ व्याजही इतक्या वेगाने वाढत नाही. लव्हाळ्याची रीत निराळी. त्याचे पाते खुडले तरी जमिनीखालच्या गाठी शाबूत राहतात आणि चार दिवसांत नवे पाते वर येते. हरळीचा जितका तुकडा मातीत राहील तितकी ती पुन्हा फुटते.

देवपूर भागातील एका धान्य-व्यापारी गृहस्थांनी दुकान मुलांच्या स्वाधीन केले, तेव्हा घरामागील मोकळी जागा अशीच गाजर गवताने भरलेली होती. दुकानाची सवय सुटलेली नव्हती आणि घरात काम नव्हते; दिवस मोठा वाटू लागला होता. त्यातच तेथे खेळणाऱ्या नातवाच्या हातापायांवर पुरळ उठले. घरात दोन उपाय सुचवले गेले: सगळीकडे फरशी घालावी किंवा तणनाशक फवारावे. गृहस्थांना दोन्ही रुचेनात. फरशी घातली तर पावसाचे पाणी मुरणार कोठे? आणि ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घराच्या अंगणात विष शिंपडायचे कसे? धाकट्या सुनेने विचारले, “बाबूजी, गोदामात फाटके बारदान पडून आहे. ते अंथरून पाहू या का?”

पावसाने माती मऊ झाल्यावर, फुले येण्याआधीच, हातमोजे घालून गाजर गवत मुळासकट उपटले गेले. फुलावर न आलेले म्हणून ते खताच्या खड्ड्यात गेले. मोकळ्या मातीवर तागाच्या बारदानाचे दोन थर आणि त्यावर तेलघाणीतून आणलेली भुईमुगाची टरफले पसरली. रोपांपुरती भोके ठेवून मोगरा, जास्वंद, गवती चहा आणि कढीपत्ता लावला. प्रकाश न मिळाल्याने खालचे बहुतेक बी उगवलेच नाही, ओल टिकली आणि पाणी कमी लागले. कुजलेल्या तागाचे पुढे खत झाले. धान्याच्या वाटेने आले म्हणतात त्या तणाला धान्याच्याच बारदानाने आवरले.

जयणेच्या दृष्टीनेही हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. उगवू दिलेले रान मग कापत बसण्यापेक्षा ते उगवणारच नाही अशी व्यवस्था केली, तर हिंसा थोडी घडते. मात्र बारदानाखाली ओलाव्याला जीवजंतू येतात. म्हणून ते उचलताना हलक्या हाताने, खाली पाहूनच उचलावे लागते. लव्हाळा तर बारदानालाही भोक पाडून वर आला. त्याच्यासाठी रोज सकाळी पाव तास खुरपे घेऊन बसणे, एवढाच उपाय उरला. पांझरेच्या काठी फड पद्धतीची शेती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती पाट साफ ठेवण्याचे काम सर्वांनी मिळून, वेळच्या वेळी केले म्हणून. अंगणालाही तोच नियम लागू पडतो.

तण ओसरल्यावर घरच्यांना नवनव्या कल्पना सुचू लागल्या. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोके पाडून, बाहेरून रंग देऊन त्यांच्या कुंड्या झाल्या. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून माळ्यावर पडलेल्या जुन्या तराजूची पारडी खाली आली आणि त्यांत सदाफुली डोलू लागली. डब्यांवर नक्षी काढण्याचे काम नातवाकडे आले. फुटक्या माठाचा पसरट तळ पक्ष्यांच्या पाण्यासाठी ठेवला गेला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा त्यावर बुलबुलांची गर्दी होते. या सगळ्याला बाजारातून फारसे काही आणावे लागले नाही. गोदामात आणि माळ्यावर जे निरुपयोगी म्हणून पडले होते, त्यालाच काम मिळाले.

निवृत्त माणसाच्या दिवसांचेही असेच असते. त्यात काही लावले नाही तर चिंता आणि कुरबुरी न पेरता उगवतात, आणि त्या उपटण्यातच शक्ती जाते. पाव तास खुरप्याचा, अर्धा तास पाणी घालण्याचा आणि नातवाबरोबर एखादा डबा रंगवण्याचा, एवढ्या कामानेही दिवस पुष्कळ भरतो. ज्यांच्या घरामागे अशी जागा आहे, त्यांनी यंदा मृगाच्या आधी गोदामातील फाटके बारदान विकण्यापूर्वी त्यातले चार-सहा नग बाजूला काढून ठेवावेत.