आपली उशी

प्रवासाहून परत आलेल्या माणसाला जगातली सर्वांत प्रिय वस्तू कोणती, असे मला कुणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, स्वतःची उशी! बायको-मुलांचा क्रम त्यानंतर लागतो. हे वाचून कुणी रागावू नये. बायको-मुले प्रवासात मोबाइलवर रोज भेटतात. उशीला तशी सोय नाही. माझी उशी सावरीच्या कापसाची आहे आणि वडिलांच्या वेळची आहे. तिच्या मध्यभागी माझ्या डोक्याच्या आकाराचा एक खळगा पडला आहे. त्या खळग्यात डोके टेकले, की मी घरी आलो असे मला वाटते. तोवर मी केवळ दारातून आत आलेला असतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत ही उशी मला सहा रात्री भेटली नाही. दिल्लीला अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन होते. १९५४ नंतर, म्हणजे तब्बल एकाहत्तर वर्षांनी, संमेलन राजधानीत भरत होते आणि अध्यक्षस्थानी लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर होत्या. लोकसाहित्य हा माझाही विषय. जात्यावरच्या ओव्या मी गेली सोळा वर्षे वर्गात शिकवतो. पहाटेच्या अंधारात उठणाऱ्या बायांनी कुणालाच सांगता न येणारे दुःख जात्याला कसे सांगितले, हे समजावताना माझा आवाज जड होतो. आणि वर्षअखेर त्यावर दहा गुणांचा प्रश्नही येतो. तेव्हा मी जाणे अगत्याचे होते. गेलो, ऐकले, टाळ्या वाजवल्या, पिशवी फाटेपर्यंत पुस्तके घेतली. रात्री मात्र तीन सहव्यवसायी घोरत होते आणि डोक्याखाली विटेसारखी उशी होती. परतीच्या गाडीत एक दिवस आणि एक रात्र काढून मंगळवारी पुण्याला उतरलो, तेव्हा माझी एकच इच्छा शिल्लक होती. यापुढे निदान आषाढापर्यंत मला कुणी घराबाहेर काढू नये.

बुधवारी महाशिवरात्र होती. साबुदाण्याची खिचडी खाऊन मी दिवसभर झोपलो. गुरुवारी संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतीने भाजी निवडता निवडता जाहीर केले,

"शनिवारी सकाळी सहाला निघायचंय."

"कुठे?"

"भंडारदऱ्याला. तलावाकाठी तंबूत राहायचं. एकच रात्र. पैसे भरलेत मी."

"अगं, पण मी परवाच आलोय! जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटर…"

"हो ना, तुम्ही आलात," ती मान वर न करता म्हणाली, "आम्ही कुठे गेलोय?"

आता व्याकरण हा माझा धंदा आहे. दोन क्रियापदांत इतका मोठा युक्तिवाद मावू शकतो हे मला ठाऊक असायला हवे होते. पण त्या वेळी तो माझ्या ध्यानात आला नाही. मी माझी पाठ पुढे केली, तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिका पुढे केल्या, थंडी, विंचूकाटा, सगळे पुढे केले. नववीतली कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही वर्गात निसर्गकविता शिकवता ना?" मी म्हणालो, "निसर्ग मला छापील आवडतो." त्यावर पाचवीतले चिरंजीव हसले आणि हसता हसता माझे मोजे त्यांनी पिशवीत भरले. ज्या घरात आपले मोजे आपल्याआधी तयार होतात त्या घरात आपल्या मताला काय किंमत असते, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

शनिवारी निघालो. आमच्याकडे गाडी 'ही' चालवते. मी शेजारी बसून वळणावळणाला माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबतो. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर… पाच तासांत मी बोललो ती तीनच वाक्ये, आणि तिन्ही पाठीविषयी होती. शेंडी गाव आले आणि सह्याद्रीचे कडे अंगावर आल्यासारखे वाटले. एका बाजूला कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पलीकडे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. आणि मधे तिलाच अडवून केलेला तलाव. गव्हर्नर विल्सनच्या नावाचे ते दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. हे सगळे मी मुलांना सांगितले. 'आपण होऊन आलो नाही, पण आलो आहोत तर माहिती देऊ' एवढा उदारपणा शिक्षकाच्या अंगी असतोच.

तंबू पाहून मात्र माझा धीर खचला. माणसाने गुहा सोडली, झोपडी बांधली, वाडे बांधले, सदनिकांचे हप्ते फेडले, ते काय पुन्हा कापडात रांगत शिरण्यासाठी? आत चौघांच्या गाद्या एका ओळीत अंथरलेल्या होत्या. आमच्या घरात चौघे एका ओळीत झोपल्याला किती वर्षे झाली असतील, याचा मी मनाशी हिशेब करू लागलो आणि तो लागला नाही.

संध्याकाळी पाण्याच्या काठी चुली पेटल्या. जागा चालवणारे कुटुंब तिथल्याच पाड्यावरचे. घरची मावशी नागलीच्या भाकरी थापत होती. पिठल्याला फोडणी बसल्याचा वास आला तशी आमची ही पदर खोचून उठली आणि चुलीजवळ जाऊन म्हणाली, "द्या, दोन मी थापते." मावशीने वर पाहिले, हसली आणि म्हणाली, "बसा ताई. आज तुम्ही पाव्हण्या."

ती परत येऊन बसली. पण तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. ती ते मांडीवर ठेवी, मग उचली, ओढणी सारखी करी, पुन्हा मांडीवर ठेवी. फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखी ती दिसत होती. मला तिची गंमत वाटली. तेव्हा फक्त गंमतच वाटली, हेही इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पश्चिमेला नुकतीच दिसू लागलेली दुजेची कोर होती आणि तिच्याजवळ शुक्र असा झगमगत होता, की चिरंजीवांना ते विमानच वाटले. जेवणे झाल्यावर मावशीचा मुलगा आम्हांला आकाश दाखवू लागला. डोक्यावर मृग, त्याच्या मागे व्याध, ईशान्येला वर येणारे सप्तर्षी. "मध्यरात्र उलटली की तिकडून, त्या डोंगरावरून विंचू वर येतो," तो पूर्वेकडे हात करून म्हणाला. "त्याच्या छातीत लाल तारा आहे. ज्येष्ठा." मी मान डोलावली. ज्येष्ठा नक्षत्र मला चांगले ठाऊक होते. अर्थात, पंचांगातले.

झोपायला तंबूत शिरलो तर माझ्या जागेवर माझी उशी! तीच, खळग्याची. हिने ती गाडीच्या डिकीत पांघरुणांखाली लपवून आणली होती. "नाही तर उद्या परत पाठीचं ऐकावं लागलं असतं," एवढेच ती म्हणाली आणि कूस वळवून झोपली. मी त्या खळग्यात डोके ठेवले आणि या सहलीला जवळजवळ क्षमा केली.

किती वेळ झाला होता कोण जाणे. झोपेत माझ्या खांद्याखाली एक हात शिरला. दुसरा कमरेखाली गेला. कुणीतरी मला अलगद, पण मोठ्या सराईतपणे, डाव्या कुशीवर वळवू लागले. पाठीवरचा सदरा ओढून त्याच्या चुण्या काढल्या. आणि कानाशी हलकेच शब्द आले,

"झालं हं आई. झालं, झालं."

मी डोळे उघडले. अंधारात ती गुडघ्यांवर बसली होती. क्षणभर तिचा हात माझ्या पाठीवर तसाच राहिला. मग तो एकदम मागे गेला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "तुम्ही होय."

घड्याळात पाहिले. दोन वाजून पाच मिनिटे झाली होती.

माझी आई चौदा महिने अंथरुणाला खिळून होती आणि २०२४ च्या श्रावणात गेली. खुब्याचे हाड मोडले ते सांधले नाही. अशा माणसाची कूस दर दोन-अडीच तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. दिवसा एक बाई येत असे. रात्री ही असे. ही शाळेत गणित शिकवते. त्या चौदा महिन्यांसाठी तिने बिनपगारी रजा घेतली होती. मी काहीच केले नाही असे नाही. औषधे आणली, डॉक्टरांकडे हेलपाटे घातले, रोज संध्याकाळी आईजवळ बसून हरिपाठ वाचला. येणारेजाणारे म्हणत, "मुलगा असावा तर असा." हिच्याविषयी कुणी काही म्हणत नसे. रात्री मी दुसऱ्या खोलीत झोपे, कारण सकाळी साडेसातला माझा तास असे. आई गेल्यावर ही पुन्हा शाळेत जाऊ लागली, पण झोपत राहिली आईच्याच खोलीत. मी कारण विचारले नाही. तिथे वारा चांगला लागत असेल, असे समजून चाललो.

आम्ही तंबूची चेन सरकवून बाहेर आलो. मुले जागी होऊ नयेत म्हणून पाण्याच्या दिशेने थोडे दूर जाऊन एका दगडावर बसलो. थंडी होती. तिने माझी शाल अर्धी घेतली.

"रोज जाग येते?" मी विचारले.

"दोनला येते. बारा आणि चारची गेली आता. दोनची राहिलीये." ती हिशेब सांगावा तसे सांगत होती. "घरी उठते, पाणी पिते, परत पडते. तुम्हाला कळत नाही."

"मला उठवायचंस."

"उठवून काय सांगायचं? काही दुखत नाही, खुपत नाही. नुसती जाग." ती थोडा वेळ थांबली. "म्हणून तर तंबू घेतला. हॉटेलात दोन खोल्या झाल्या असत्या. म्हटलं, एकदा सगळे एका ओळीत असावेत. आपलं दोन खोल्यांचं घर रात्री दोन वाजता केवढं मोठं वाटतं, तुम्हाला ठाऊक नाही."

मला ठाऊक नव्हते. सोळा वर्षे मी पहाटे उठणाऱ्या बायांविषयी बोलत आलो होतो आणि माझ्याच घरात दोन वाजता उठणारी बाई मला एकदाही दिसली नव्हती. तिच्यापाशी जातेसुद्धा नव्हते. काहीतरी बोलावे म्हणून मी तोंड उघडले. पण वर्गात जो आवाज जड होतो तो तिथे फुटलाच नाही.

मृग मावळला होता. सप्तर्षी उत्तरेला उंच चढले होते. तिने पूर्वेच्या डोंगराकडे बोट केले.

"तो लाल तारा बघा. तो मी ओळखते. आईंच्या खिडकीतून दिसायचा, इमारतींच्या फटीतून. कूस वळवून झाली की मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायची. मधे कितीतरी महिने दिसला नाही. मग एकदा दिसला, तेव्हा इतकं बरं वाटलं! नाव काय त्याचं?"

मघाशी नावे सांगितली जात होती तेव्हा ती आत पांघरुणे घालत होती.

"ज्येष्ठा," मी म्हणालो.

"ज्येष्ठा," तिने हळूच म्हणून पाहिले. "थोरली."

मला नाव ठाऊक होते आणि तारा मी कधी पाहिला नव्हता. तिने तारा महिनोन् महिने पाहिला होता आणि तिला नाव ठाऊक नव्हते. आमच्या सतरा वर्षांच्या संसाराची वाटणी साधारण अशीच झालेली आहे, असे मला त्या दगडावर बसल्या बसल्या वाटले. तीन वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो. फारसे बोललो नाही. एकदा तिने विचारले, "दिल्लीला जेवण कसं होतं?" आणि मी सांगितले.

परत आत आलो तेव्हा माझी उशी मी तिच्या डोक्याखाली सरकवली. "अहो, तुमची पाठ!" ती म्हणाली, पण वाक्य पुरे होण्याआधीच तिला झोप लागली होती.

सकाळी ऊन तंबूवर चढले तरी ती उठली नाही. साडेआठ वाजले. चिरंजीव दोनदा "आई" म्हणून हाक मारायला निघाले आणि दोन्ही वेळा मी त्यांना दंडाला धरून पाण्यावर नेले. मावशीने चहाला विचारले. मी म्हणालो, "थांबू या. पाव्हण्या झोपल्यात."

घरी परतल्यावर त्याच रात्री मी उशी उचलून आईच्या खोलीत नेली. हिने पाहिले, पण काही विचारले नाही. माझ्या डोक्याचा खळगा त्या खोलीतही तसाच आहे. दोनला तिला अजूनही जाग येते. मलाही येते, पण रोज येते असे लिहिले तर ते खोटे ठरेल आणि हा अंक ती वाचणार आहे. ज्या रात्री येते त्या रात्री आम्ही दोघे खिडकीतून बाहेर बघतो. दिवाळीच्या दिवसांत त्या वेळी ज्येष्ठा नसते. इमारतींच्या फटीतून व्याध दिसतो. त्याचे नाव तिने मला विचारले नाही. तिनेच मला सांगितले.