पैंजणावरचा पांढरा ठिपका

हुपरीच्या एका चांदीच्या कारखान्यातून पैंजणांच्या कॅटलॉगचं काम आलं, तेव्हा लग्नांचे फोटो काढता काढता मला सात-आठ वर्षं झाली होती. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर लावायचा, छत्रीतून मारायचा, ट्रिगरने उडवायचा, एवढं हाताला बसलेलं. काळ्या मखमलीवर पैंजण मांडलं, शेजारी नगाचा नंबर लिहिलेलं पांढरं कार्ड ठेवलं आणि डावीकडून नुसता फ्लॅश मारला. फोटोत चांदी काळपट, आणि प्रत्येक घुंगराच्या गोलाईवर एक जळका पांढरा ठिपका. उजेड जास्त झाला म्हणून स्टँड दुप्पट अंतरावर नेला. कार्ड करडं पडलं, मखमल अंधारात गेली. ठिपका मात्र होता तेवढाच पांढरा राहिला, फक्त लहान झाला. आणखी मागे नेला, तरी तेच.

अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉपने उतरतो, हा नियम मला तोंडपाठ होता. कार्ड तो पाळत होतं, चांदी पाळत नव्हती. तोवर माझ्याकडे फ्लॅशवरची तीन पुस्तकं जमली होती. रात्री तिन्ही चाळली. एफ आठ, पाव पॉवर, छत्री पंचेचाळीस अंशांवर, असं तिन्हींत जागोजागी होतं. चांदी नियम का मोडते, याबद्दल एकातही ओळ नव्हती.

उत्तर सापडलं ते मुंबईत. बोरा बाजारात ट्रिगर घ्यायला गेलो होतो. परतताना फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्पीत ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’ दिसलं. फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांचं हे पुस्तक मूळचं 1990 चं, म्हणजे डिजिटल कॅमेरे हातोहाती येण्याच्या कितीतरी आधीचं. उभ्या उभ्या धातूचं प्रकरण उघडलं आणि पैंजणाचा उलगडा तिथेच, रस्त्यावर झाला.

कागदावर, कापडावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. झळाळीचा धातू तो आरशासारखा परत फेकतो. घुंगरावर मी जो ठिपका पाहत होतो, ते फ्लॅशचं प्रतिबिंब होतं, आणि प्रतिबिंबाचा लखलखाट अंतराने कमी होत नाही. फ्लॅश लांब गेला की त्याचं प्रतिबिंब आकाराने लहान होतं, एवढंच. पुढे पुस्तकात ‘फॅमिली ऑफ अँगल्स’ येते. कॅमेरा जिथे आहे तिथून पाहिलं, तर ठरावीक दिशांनी येणारा उजेडच धातूवरून उलटून लेन्समध्ये शिरतो. त्या दिशांचा समूह म्हणजे ही फॅमिली. मी वहीत तिला ‘कोनांचा गोतावळा’ असं नाव दिलं, आणि आमच्या स्टुडिओत आता तेच रूढ आहे. दिवा गोतावळ्यात असेल तर धातू उजळतो, बाहेर असेल तर काळा पडतो. सपाट ताटाचा गोतावळा लहान असतो. घुंगरू गोल, म्हणून त्याचा गोतावळा जवळजवळ अख्खी खोली. माझी खोली अंधारी होती, तेव्हा चांदीने अंधार दाखवला. तिचा काहीच दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी पैंजणावर ट्रेसिंग पेपरची कमान केली, फ्लॅश तिच्या बाहेरून मारला, समोरून थर्माकोलचा पांढरा तक्ता लावला आणि त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं. चांदी चांदीसारखी दिसली. कडा उठून याव्यात म्हणून बाजूला काळ्या कागदाची बोटभर पट्टी उभी केली, तेव्हा घुंगरू वेगवेगळे मोजता आले.

फ्लॅशवरचं पुस्तक हातात आलं की तेव्हापासून मी आधी धातूचं, काचेचं किंवा चष्म्याचं पान शोधतो. ते नसेल तर लेखकाने अवघड वाट टाळली असं समजतो. मग बघतो, फसलेला फोटो नीट आलेल्या फोटोशेजारी छापलाय का. दिवा हातभर सरकवण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो शेजारी असले की डोळा स्वतःच शिकतो. नुसते देखणे फोटो आणि खाली एफ नंबर असेल, तर त्यातून लेखकाची खोली कळते, आपल्या मंगल कार्यालयाचं काय करायचं ते कळत नाही. छपाईही पाहावी. सावलीतल्या करड्या छटा जिथे काळ्या गिचमिडीत बुडतात ती झेरॉक्स प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण शिकायचं असतं ते नेमकं त्या छटांत.

लग्नात याचा उपयोग रोज होतो. ग्रुप फोटोत आजोबांच्या चष्म्यावर फ्लॅश चमकला, तर पॉवर कमी करून भागत नाही. स्टँड उंच करून बाजूला घ्यायचा, काचांच्या गोतावळ्याबाहेर पडेपर्यंत. पैठणीची जर तर धातूच. उजेड एका अंगाने घासत आला की पदरातला एक मोर पेटतो आणि शेजारच्या चुणीतला विझतो. नवरीने वळावं आणि मी दिवा धरून थांबावं, असं मला दरवेळी वाटतं.

बाकीच्या पुस्तकांना मी कमी लेखत नाही. नील व्हॅन निकर्क स्वतः लग्नांचे फोटो काढणारा, म्हणून त्याचं ‘ऑफ-कॅमेरा फ्लॅश’ मांडवातल्या माणसाच्या कामाचं. फ्लॅश आणि जागेवरचा उजेड हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे तो चिकाटीने समजावतो. सिंक स्पीडच्या आत, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांवर 1/200 किंवा 1/250 पर्यंत, शटरने जागेवरचा उजेड कमी-जास्त होतो आणि फ्लॅश जागचा हलत नाही. अ‍ॅपर्चर दोन्हींवर चालतं. जो मॅकनॅलीचं ‘द हॉट शू डायरीज’ 2009 चं. कामावरचे किस्से सांगत तो छोट्या फ्लॅशची ताकद दाखवतो. मला ते फार प्रिय आहे, पण मी ते दुसऱ्या वर्षी वाचायला देतो. आधी वाचलं तर मुलं फ्लॅशची संख्या वाढवायला धावतात. सिल अरीनाचं ‘स्पीडलायटर्स हँडबुक’ कॅननवाल्यांसाठी. त्यातला उजेडाचा भाग ताजा राहिलाय, बटणांचा भाग मॉडेलबरोबर म्हातारा होत जातो.

ही सगळी पुस्तकं इंग्रजी, आणि माझ्याकडे शिकायला येणारी पोरं मराठी शाळांतली. आपल्या भाषेत असं पुस्तक व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यात वाइनच्या ग्लासाच्या जागी तांब्या-भांडं असावं. काळ्यावर काळं कसं दाखवावं, या प्रकरणात काळ्या पाषाणाची मूर्ती आणि तिचे चांदीचे डोळे असावेत. काळा दगड आणि चकाकती चांदी एकाच फोटोत सांभाळण्याइतका चांगला धडा मला दुसरा सुचत नाही.

तोवर माझी वही आहे, आणि फरशीवरचा खडू. हाताखाली नवा मुलगा आला आहे. पहिल्याच दिवशी कपाटासमोर उभा राहून त्याने विचारलं, “दादा, यातलं आधी कुठलं वाचू?” मी त्याला स्टीलचं एक फुलपात्र दिलं, कॅमेरा ट्रायपॉडवर बांधून दिला आणि सांगितलं, फ्लॅशचा स्टँड फिरव. जिथून त्याचा ठिपका भांड्यावर दिसतो, तिथे तिथे फरशीवर खूण कर. खुणा संपल्या की पुस्तक काढू.

संध्याकाळी पाहिलं तर खडूची रेघ कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगांनी टेबलामागे वळून थेट भिंतीला टेकली होती.

“दादा, ठिपका काय सुटंना,” तो म्हणाला, “आता कपाट आडवं येतंय.”

मग आम्ही दोघांनी कपाट सरकवलं.