सात हालीचे सहा कलदार

१७ जानेवारी २०२४, बुधवार

संक्रांत झाली, माळा आवरायला काढला. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या जुन्या दुकानाच्या वह्या निघाल्या. लाल कापडी बांधणी, पाठ वाळवीनं खाल्लेली, आत आजोबांची मोडी. मोडी मला अडखळत लागते, पण बँकेत उभी हयात आकड्यांत गेल्यामुळे आकडे लगेच लागले. शके १८६९ च्या कीर्दीत जमेला दोन घरं आखलीत. एकावर ‘क’, दुसऱ्यावर ‘हा’.

पुतण्या म्हणाला, “काका, हे जीएसटीचं जुनं रूप का?”

क म्हणजे कलदार, इंग्रज सरकारचा रुपया. हा म्हणजे हाली, निजामाचा, चारमिनारची छाप असलेला. तुळजापूर, नळदुर्ग तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. बैलगाडीनं निघालेलं गिऱ्हाईक लुगडं घ्यायला आमच्या पेढीवर, आणि कनवटीला दुसऱ्याच राज्याचा पैसा. हाली म्हणजे चालू, सध्याचा. आपलं ‘हल्ली’ त्याच घरातलं.

१८ जानेवारी

रात्री हिशेब मांडून बघितला. सात हालीचे सहा कलदार. म्हणजे शंभर कलदारांना एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. दोन्हींकडे रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, आणि तरी आण्याला आणा नाही. कारण चांदीत. जुन्या कलदारात बाराला अकरा हिस्से शुद्ध चांदी. हालीचं वजनही थोडं कमी आणि चांदीही हिणकस.

एक नोंद नीट लागली. लुगडं आणि दोन खण, मिळून तीस कलदार. गिऱ्हाइकानं दिले पस्तीस हाली. पस्तिसांचा सातवा हिस्सा पाच, पाच सख तीस, हिशेब चोख. पण खाली बारीक अक्षरात ‘बट्टा आठ आणे’. आजोबांनी हाली नुसत्या सरकारी दरानं घेतले असते तर पुढं सराफाकडे मोडताना हे आठ आणे त्यांना खिशातून भरावे लागले असते, म्हणून ते आधीच गिऱ्हाइकाकडून घेतले. दर सरकारचा, बट्टा बाजाराचा. आजोबांना दोष द्यावा असं वाटत होतं, जमलं नाही. मीही काउंटरवर बसून तेच केलं, फक्त त्याला कमिशन म्हणायचो.

२१ जानेवारी, रविवार

आत्याकडे गेलो. शहाऐंशी वर्षांची, ऐकू कमी येतं, पण पैशाचं बोलणं पहिल्या हाकेला ऐकू येतं.

“आम्ही नवरात्रात तुळजापूरला जायचो ना, तर दादा निघायच्या आधी हाली बांधून द्यायचे. देवीला काय रे, हाली टाक नाहीतर कलदार, ती बट्टा मागत नाही. पेढेवाला मागायचा.”

“आणि कलदार दिला तर?”

“मग हसत घ्यायचा. मोड द्यायची मात्र हालीत. तिथंच मारायचा.”

३१ जानेवारी

पुतण्या संध्याकाळी तोंड पाडून आला. अक्कलकोट रस्त्याला त्याचा टॉवेलचा कारखाना. लागोसच्या एका व्यापाऱ्याकडे माल गेलाय, बिल डॉलरमध्ये, मुदत नव्वद दिवसांची. नायजेरियानं गेल्या जूनमध्ये नायराचा दर मोकळा सोडला, तेव्हा डॉलरला पावणेपाचशेच्या आसपास होता. या आठवड्यात नऊशेच्या घरातून एकदम चौदाशेच्या वर. तिथला व्यापारी म्हणतो, टॉवेल जुन्या भावानं विकले, आता डॉलर कुठून आणू, पंधरा टक्के सोडा.

आपला डॉलर त्र्याऐंशीच्या आसपास ठाण मांडून बसलाय, त्यामुळे पोरगं निवांत होतं. त्यानं मधला डॉलरच बघितला, पलीकडचा नायरा बघितला नाही. नायराचे डॉलर, डॉलरचे रुपये. दोन ठिकाणी हुंडणावळ. मी त्याला वही दाखवली. वैतागला. बरोबरच आहे, देणेकऱ्यांना आजोबांची वही दाखवून चालत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

मार्गशीर्षाची पानं. डिसेंबर १९४७. जैसे थे करार नोव्हेंबरच्या अखेरीला झाला आणि लगोलग निजाम सरकारनं वटहुकूम काढला, की भारताचं चलन आमच्या हद्दीत कायदेशीर नाही. राजकारणाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. वहीत ‘हा’चं घर हळूहळू रिकामं होत जातं. आधी रोज चार-पाच नोंदी, मग आठवड्याला एक, त्यावर बट्टा दीड रुपया, पुढं नुसत्या आखलेल्या रेघा. आजोबांनी तरी घर आखणं सोडलं नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा इथूनच नळदुर्गाकडे गेल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. हाली मात्र पाच दिवसांत गेला नाही. १९५० मध्ये तिकडे भारताचा रुपया सुरू झाला, दर तोच साताला सहा. हाली पुरता रद्द व्हायला १९५९ उजाडलं. मधे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. हालीचे आणे, आपले आणे आणि शंभर नवे पैसे, असे तीन हिशेब एका गल्ल्यात. त्या काळातल्या दिवाणजींना कुणी पेन्शन दिली असेल तर ती कमीच.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

लागोसचं आठ टक्क्यांवर मिटलं. उरलेले दोन हप्त्यांत.

आत्याच्या देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली एक चारमिनारी रुपया निघाला. तिला घेऊन सराफ कट्ट्यावर गेलो. पोरसवदा सराफानं उलटसुलट केला, काट्यावर टाकला, चांदीचा भाव लावून कॅल्क्युलेटर फिरवला आणि आकडा तिच्यापुढं धरला. आत्यानं तो बघितलाच नाही. माझा हात दाबून म्हणाली, “आधी बट्टा किती कापतोय ते विचार.”