रांझीतला कॅसेटवाला

रांझीतली व्हिडिओ लायब्ररी गेल्या महिन्यात बंद झाली. पाटीवरचं नाव कधीच पुसलं गेलं होतं. सगळे ‘कॅसेटवाल्याचं दुकान’ एवढंच म्हणत. जबलपूरला पोस्टिंग काढलेल्या बऱ्याच जणांना ते आठवेल.

ज्यांनी जबलपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रांझी ही कारखान्यांची वस्ती. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, खमरियाची फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. आपण ज्यांत हाडं खिळखिळी करून घेतली ते शक्तिमान ट्रक आणि जोंगा इथलेच. शहरात ग्रेनेडियर्स, जॅक रायफल्स आणि सिग्नल्सची केंद्रं आहेत. त्यामुळे दुकानाला गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं: चाळीस वर्षं इथेच राहणारा कामगार आणि दोन-तीन वर्षांत ट्रंका बांधणारा फौजी.

दुकानाचे काका पांढुर्ण्याचे. वडील व्हेइकल फॅक्टरीत लागले म्हणून कुटुंब इथे आलं. मी मराठी आहे हे कळल्यावर ते माझ्याशी हिंदी बोललेच नाहीत. १९८६ साली त्यांनी एक व्हीसीआर आणि थोड्या कॅसेटी घेऊन सुरुवात केली. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही घरोघर येऊ लागले होते, पण दूरदर्शनवर सिनेमा आठवड्यातून एखादाच. दसऱ्याआधी फॅक्टरीचा बोनस झाला की सात-आठ घरं वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर नेत. पहाटेपर्यंत तीन सिनेमे आणि सकाळी तसेच लाल डोळ्यांनी ड्यूटीवर.

कामगारांकडून काका डिपॉझिट घेत. फौजीकडून नाही. रजिस्टरमध्ये फक्त नंबर, रँक, नाव आणि युनिट. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “साहेब, फौजी रातोरात निघून जाते. डिपॉझिट परत न्यायला तो येईन कवा?” मूव्हमेंट ऑर्डर आली की कॅसेट शेजारच्या क्वार्टरमधून परत येई. क्वचित एखादी गेलीच, तर काका ती खर्चात धरत.

पुढे सीडी आली. २००७च्या सुमारास मोझर बेअरने अठ्ठावीस रुपयांत सिनेमा विकायला काढला. तेव्हा भाड्याने कोण नेणार? राहिलेलं २०१६ साली जिओने संपवलं. काकांनी झेरॉक्स, रिचार्ज सगळं केलं. शेवटची दहा वर्षं खरं काम एकच होतं: लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून पेन ड्राइव्हवर देणं.

दुकान आवरताना त्यांनी मला बोलावून एक पेटी पुढे केली. आत अकरा कॅसेटी, सगळ्या फौजींच्या. कोणी उतरवायला दिल्या, कोणी बुरशी काढायला, आणि मधेच बदली झाली. प्रत्येकीवर काकांच्या अक्षरात नंबर आणि युनिट. “सिनेमाच्या कॅसेटी भंगारात देल्या साहेब. ह्या नाही देता येत. कोनाची तरी माय असन ह्याच्यात.”

रेकॉर्ड ऑफिस कोणाचा पत्ता देत नाही, देऊही नये. पण निरोप पोचवतात. नंबर होते म्हणून काम सोपं झालं. तीन आठवड्यांत चौघांचे फोन आले. त्यातले एक निवृत्त सुभेदार. त्यांची आई लग्नानंतर वर्षभरात गेली. घरात तिचा एकच फोटो, तोही रेशनकार्डावरचा. कॅसेटमध्ये ती सुनेला ओवाळते, मग कॅमेऱ्याकडे बघून लाजते आणि पदर ओढून घेते. सुभेदारसाहेब फोनवर एवढंच म्हणाले, “सर, पोतियों ने दादी को पहली बार चलते देखा।” पुढे दोघांनाही काही बोलता आलं नाही.

पाचव्या कॅसेटचे मालक आता नाहीत. त्यांच्या पत्नीला निरोप गेला आहे. त्यांना हवी असेल तेव्हा त्या कळवतील, त्यात घाई नाही. उरलेल्या सहांचा शोध चालू आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल. ती आत्ता काढा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत थांबली. आता आहेत ती यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग एवढंच शिल्लक. टेपवर पांढरे डाग दिसले तर ती मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढची कॅसेटही खराब करते. माहीतगाराकडून आधी साफ करून घ्या. तोवर पुस्तकासारखी उभी ठेवा, ओलीपासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब.

काकांचं मशीन त्यांनी घरी नेलंय. सहा कॅसेटींचं काम बाकी आहे म्हणाले.