परतायची वेळ

१९९१ च्या डिसेंबरात बदली होऊन मी अलिबागला आलो. माझं गाव सांगलीकडचं. पाणी म्हणजे विहीर, कालवा, फार तर कृष्णेचा पूर. भरती-ओहोटी शाळेत पाठ केली होती, एवढीच तयारी.

पौष पौर्णिमेच्या संध्याकाळी बायकोच्या बारा वर्षांच्या भावाला घेऊन कुलाबा किल्ल्यावर चालत गेलो. वाटेत पाणी घोट्याएवढं. गणपतीचं दर्शन झालं. चुन्याशिवाय रचलेले तटाचे धोंडे त्याला दाखवले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आले तरी किल्ला पडला नाही, हेही ऐटीत सांगितलं. मग सूर्यास्त बघत बसलो. निघालो तेव्हा चंद्र वर आला होता आणि वाट बुडाली होती. दोन्हीकडून पाणी येऊन मध्ये मिळालेलं. पोरगा कमरेपर्यंत भिजला, माझ्या पायाखालची वाळू सरकू लागली.

जाळं घेऊन परतणारे एक म्हातारे कोळी मागून आले. त्यांनी पोराला खांद्यावर घेतलं, जाळ्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्हाला काठाला आणलं. तिथे मात्र बोलले. जे बोलले ते माझ्या लायकीचंच होतं.

त्यांना सगळे नाखवा म्हणत. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. बँकेत दिवसभर आकडे मांडणाऱ्या मला त्यांनी समुद्राचं गणित शिकवलं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं : पूर्ण भरतीची वेळ साधारण तेवढी. पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास, पुरती ओहोटी. म्हणजे मी तटावर रमलो होतो तेव्हा पाणी कधीच उलटलं होतं. शिवाय दिवस उधाणाचे. जितकं दूर हटतं तितकंच जोरात भरतं.

गणित आलं तसा मी शहाणा झालो, असं मला वाटलं. अष्टमीला पाहुणे आले. भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. सोयीची वेळ म्हणून त्यांना घेऊन निघालो. नाखवांनी काठावरच अडवलं. अष्टमीचं, म्हणजे भांगाचं, पाणी पुरतं हटत नाही, वेळ बरोबर असली तरी वाट उघडेलच असं नाही. पाहुण्यांसमोर मला राग आला होता. तासभर थांबलो, वाट खरंच पुरती उघडली नाही.

‘घरी सांगितलंस का?’ पौर्णिमेच्या त्या प्रसंगाबद्दल ते मला अधूनमधून विचारत. मी दर वेळी हो म्हणत असे. ते खोटं होतं. बायकोला मी सांगितलं ते नाखवा गेल्यावर, त्यांच्या दहाव्याहून परतताना. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला त्यांच्या पाया पडायचं होतं.’

ते मात्र राहून गेलं.

किल्ल्यावर जाणार असाल तर काठावरच्या कोळ्यांना आधी विचारा. जायची वेळ कोणीही सांगेल. त्यांना परतायची विचारा.