क्रोशाच्या फुलांचा हिशोब

क्रोशाच्या सुईवर विणलेल्या फुलाचा डौल रंगावर किंवा दोऱ्याच्या किमतीवर ठरत नाही. प्रत्येक फेरीत किती टाके वाढवले आणि वाढवणे कुठे थांबवले, यावर तो ठरतो. मुक्या, म्हणजे आखूड, खांबांची सपाट चकती हवी असेल तर मधल्या गोलात ६ टाके घालतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ६ वाढवतात: ६, १२, १८, २४. पूर्ण खांब उंच असतो, म्हणून त्याची सुरुवात साधारण १२ ने होते आणि वाढही १२ चीच. याहून कमी वाढवले की कडा वर उचलल्या जाऊन वाटी होते. जास्त वाढवले की टाक्यांना कडेवर जागा पुरत नाही आणि चुण्या पडतात. वाटीतून ट्यूलिप निघतो, कमळाची कळी निघते. चुण्यांतून झेंडू आणि कार्नेशन. रुमाल विणताना जो दोष म्हणून उसवावा लागतो, तोच फुलात हवा असतो.

या चुण्यांमागे खरोखरचे गणित आहे. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डायना टायमिन्या यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अपास्तीय भूमिती शिकवण्यासाठी क्रोशाची मॉडेल्स विणली. दिलेल्या रेषेला एकाच बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात, अशी ही भूमिती. तिची कागदी मॉडेल्स हाताळताना फाटत. टायमिन्या यांची कृती मात्र सोपी होती: ठरावीक टाके झाले की एक जास्तीचा घालायचा आणि हे प्रमाण शेवटपर्यंत मोडायचे नाही. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ पासून याच कृतीवर क्रोशाचे प्रवाळखडक उभे केले. झेंडू विणणाऱ्या बाईला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही, पण ‘एका टाक्यात तीन खांब’ म्हणत ती तेच करत असते.

दोरा आणि सुई यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. सध्या विणलेल्या फुलांच्या गुच्छासाठी मिल्क कॉटन म्हणून विकला जाणारा सूत आणि ॲक्रिलिकचा मिश्र दोरा जास्त चालतो. तो मऊ असून पाकळीला उभे राहण्याइतका भरीव असतो. साध्या ॲक्रिलिक लोकरीला लव सुटते आणि फूल लवकर जुने दिसू लागते. मर्सराइज्ड सुती दोरा चकाकतो, टाका स्वच्छ दाखवतो आणि नाजूक फुलांना शोभतो, मात्र हात सैल असेल तर तो तेही तितक्याच स्वच्छपणे दाखवतो. सुई दोऱ्याच्या वेष्टनावर सुचवलेल्या मापापेक्षा एक माप लहान घ्यावी. कपड्याला लागणारी लवचीकता इथे उपयोगाची नाही. टाका घट्ट हवा, नाहीतर पाकळी मान टाकते.

गुच्छातले सर्वांत मागणी असलेले फूल गुलाब, आणि ते विणण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली गुंडाळीची. लांब साखळी घालून पहिल्या ओळीत ठरावीक अंतरावर दोन-दोन खांबांची इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी घरे करायची, आणि दुसऱ्या ओळीत प्रत्येक घरात खांबांचा पंखा भरायचा. सुरुवातीचे दोन-तीन पंखे पाच-पाच खांबांचे, मधले सातांचे, शेवटचे नऊ किंवा जास्त खांबांचे. पट्टी आपोआप वळू लागते. लहान पंख्यांकडून गुंडाळत जायचे आणि बूड सुईदोऱ्याने आरपार शिवायचे. सगळे पंखे एकाच मापाचे केले तर गुलाबाऐवजी कोबी तयार होतो, आणि बाजारातल्या पुष्कळ गुच्छांत तो दिसतोही. गुंडाळताना फार घट्ट ओढणे ही दुसरी चूक. मधला भाग घट्ट आणि बाहेरचे तीन-चार पदर सैल ठेवले, तरच फूल उमलते आहे असे वाटते.

दुसरी वाट जुनी आहे. मधल्या गोलाभोवती साखळीच्या कमानी टाकायच्या, प्रत्येक कमानीत मुका, अर्धा, पूर्ण, अर्धा, मुका असे खांब भरून पाकळी करायची, मग त्या पाकळ्यांच्या मागून थोड्या मोठ्या कमानी टाकून पुढचा थर उभा करायचा. थरांवर थर चढलेला हा गुलाब आयर्लंडच्या क्रोशा लेसची खूण आहे. तिथे १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडून अनेक वर्षांचा दुष्काळ आला, तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी आणि इतरांनी हे काम शिकवून कितीतरी घरांना मिळकतीचे साधन दिले. जाळीची लेस हाताने विणायला फार वेळ लागे. क्रोशाला एक सुई आणि दोरा पुरे. फुले, पाने सुटी विणून नंतर जाळीने जोडत, त्यामुळे घरोघर काम वाटून देता येई. महाराष्ट्रात रुखवतात मांडलेल्या तोरणांवर आणि रुमालांवर जे उठावदार गुलाब दिसत, त्यांची बांधणीही अशीच असे. अशी फुले दाराच्या चौकटीवर किंवा ताटाखाली शोभत, त्यांना देठ नसे. देठ लावून फूल उभे करायचे म्हटले की प्रश्न बदलतात.

आपल्या बागेतली फुले गुच्छात घेताना निवड करावी लागते. जास्वंद उत्तम जमते. पाच रुंद, कडेला किंचित चुण्या असलेल्या पाकळ्या आणि मधून बाहेर आलेली लांब दांडी हे तिचे सगळे सौंदर्य, आणि दोन्ही गोष्टी क्रोशाला सहज येतात. दांडीसाठी बारीक तारेवर लाल दोरा गुंडाळून वरच्या भागात पिवळ्या गाठी आणि टोकाला पाच लाल गाठी घालाव्यात. देठापाशी हिरवी वाटी असते, आणि तिच्याखाली आणखी एक बारीक हिरव्या पात्यांचा घेर असतो. तो विणला तर फूल पाहणारा बागकामाचा माणूस खूश होतो. पांढऱ्या चाफ्याच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एकीखाली एक सरकलेल्या असतात. म्हणून पाचही पाकळ्या वेगळ्या विणून, प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली घेऊनच शिवाव्या लागतात. एका गोलातून पाच पाकळ्या काढल्या तर ते चाफ्याचे फूल राहत नाही. शेवंतीला साखळी बाहेर नेऊन मुक्या खांबांनी परत यायचे, हे एकच काम शे-दीडशे वेळा करावे लागते. झेंडूत प्रत्येक फेरी टाक्याच्या मागच्या धाग्यात विणत चकती वाढवतात आणि उरलेल्या पुढच्या धाग्यात नंतर चुण्यांची झालर भरतात. निशिगंध लांब कळ्या आणि एक-दोन उमललेली फुले मिळून छान उभा राहतो. मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या वाटेला मात्र जाऊ नये. मोगऱ्यातून वास काढून घेतला तर पांढरा गोळा उरतो, आणि अबोलीची पाकळी इतकी पातळ की कोणताही दोरा तिला जाडच पडतो.

रंगाची एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका छटेचे फूल प्लॅस्टिकचे वाटते. आतल्या थरांना एक छटा गडद दोरा वापरला, किंवा चाफ्याच्या गळ्याशी पिवळा सुरू करून दोन-तीन फेऱ्यांनी पांढरा धरला, की तेच फूल जिवंत होते.

नवशिक्यांचा सगळा जीव फुलात असतो. गुच्छ बिघडतो तो देठात. विणलेले फूल खऱ्यापेक्षा जड असते. बारीक तारेवर ते लवून पडते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानात लक्षात ठेवावे: मोठ्या फुलाच्या देठाला १६ ते १८ गेजची, पाकळीच्या किंवा पानाच्या कडेत घालायला २४ ते २६ ची. तारेचे वरचे टोक वळवून आकडा करावा आणि तो फुलाच्या बुडात अडकवून शिवावा. नुसता डिंक लावलेले फूल पहिल्या प्रवासातच गळते. मग हिरवी वाटी चढवावी. गुलाबाला पाच टोकांची वाटी हवी, आणि तिचा दुसरा उपयोग असा की शिवणीचा सगळा पसारा तिच्याखाली झाकला जातो. देठावर फ्लोरल टेप गुंडाळताना ती ताणत न्यावी. ताणल्यावरच तिच्यातले मेण चिकटते. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण टेपच खराब निघाली म्हणतात. गुलाबाचे पान एकटे नसते, एका डहाळीवर तीन किंवा पाच असतात, आणि कडा दातेरी असतात. एवढे सांभाळले तर फुलातली थोडी कसर खपून जाते.

गुच्छ बांधताना सगळे देठ एकाच दिशेने तिरपे, एका बिंदूवर एकमेकांना छेदत धरावेत आणि त्याच बिंदूवर बांधावेत. मग डोकी आपोआप पसरतात. मोठी फुले तीन किंवा पाच, त्यांच्या मध्ये कळ्या, आणि मोकळ्या जागेत जिप्सोसारखी बारीक फुले. बारीक फुलांचा कंटाळा येतो म्हणून ती गाळली जातात आणि गुच्छात नुसती डोकी दिसतात. दुकानातून आणलेला झगझगीत कागद आणि सॅटिनची फीत यांनी विणकाम झाकून टाकण्याची अलीकडची हौस टाळलेली बरी.

किमतीचा प्रश्न अवघड आहे. सरावलेल्या हातालाही एका गुलाबाला देठ-पानांसह तासभर सहज लागतो, आणि दोऱ्याची किंमत त्या तासाच्या मानाने किरकोळ असते. तरी गिऱ्हाईक दोऱ्याची किंमत मनात धरूनच घासाघीस करते. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसवर मारिया मीस यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हाच मुद्दा आहे: घरात बसून केलेले काम फावल्या वेळचे मानले गेले, म्हणून परदेशी विकल्या जाणाऱ्या मालाच्या कारागीर बायकांना तुटपुंजी मजुरी मिळाली. गुच्छ विकणाऱ्यांनी फुलांमागे तास मोजून दर सांगावा. सत्कारात दिलेला ताज्या फुलांचा गुच्छ दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो आणि त्याला दिलेल्या पैशांबद्दल कोणी कुरकुरत नाही.

विणलेल्या गुच्छाला शत्रू दोन, धूळ आणि ऊन. धूळ मऊ ब्रशने किंवा ड्रायरच्या थंड हवेने झाडावी, आणि थेट उन्हाच्या खिडकीत गुच्छ ठेवू नये. डाग पडलाच तर ओल्या फडक्याने टिपून सावलीत वाळवावा. बुडवून धुतला तर आतली तार गंजते आणि तो गंज पाकळीवर उतरतो. फुलदाणीत जरूर ठेवावा, पण तिच्यात पाणी घालू नये.