जुळलेली झाडं

मावळात भात म्हटलं की इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने ती १९८७ साली दिली. वास आंबेमोहोराचा, पण आंबेमोहोर करपा रोगाला पटकन बळी पडतो. तेतेप या व्हिएतनामी वाणात करप्याला रोखणारं पीआय-५४ हे जनुक आहे, अकराव्या गुणसूत्रावर. आंबेमोहोर आणि तेतेप यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्या जनुकाला चिकटून असलेले मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, शोधणं हे माझं काम.

प्रयोगशाळेचा भाग सरळ होता. घोळ घातला तो माझ्या डोळ्यांनी. करप्याचा ठिपका लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी. त्यावरून शून्य ते नऊ गुण द्यायचे. बांधाकडच्या ओळींवर दव टिकत नसे, तिथे रोग आलाच नाही आणि मी ती झाडं बिनदिक्कत ‘प्रतिकारक’ लिहिली. अशी चूक बहुतेकदा जनुकीय नकाशात खोटा क्रॉसओव्हर होऊन बसते, म्हणजे मार्कर आणि जनुक एकमेकांपासून तुटल्यासारखे वाटतात आणि मार्कर जनुकापासून लांब दिसतो. भातात एक सेंटिमॉर्गन, म्हणजे नकाशावरच्या अंतराचं एक माप, सुमारे अडीच लाख बेसचं; दोनचार झाडांनी सगळं बिघडतं.

हे लक्षात आल्यावर मी जे केलं ते जास्त वाईट. मार्करशी न जुळणारी झाडं तेवढी निवडली, वहीत मार्करचं उत्तर समोर ठेवून ती पुन्हा पाहिली आणि बहुतेकांचे गुण बदलले. नकाशा देखणा झाला. पोस्टरही लागलं.

चिंचवडला माझ्यासोबत राहणारा मित्र चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. नकाशा पाहून त्याने विचारलं, "जुळलेली झाडं परत तपासलीस का?" नाही. "मग तू झाडं नाही, रिपोर्ट तपासलास. आमच्याकडे तोच पार्ट दोघांकडून मोजून घेतात, आधीचं रीडिंग न दाखवता." मला राग आला, कारण उत्तर नव्हतं.

नशिबाने प्रत्येक झाडाचं बी राखलं होतं. पुढच्या पावसाळ्यात तिसऱ्या पिढीच्या ओळी लावल्या, पाट्यांवर फक्त आकडे. ज्यांची जमीन होती ते मामा सोबत फिरले. मी रोगट ठरवलेल्या झाडांच्या काही ओळींपाशी ते थांबले. "हा करपा न्हाय. टिपका गोल हाय बघा. गेल्या सालीबी इथं ह्योच हुता. हितली जमीन हलकी, पालाश कमी." तपकिरी ठिपका, वेगळाच रोग! त्या ओळींवर करपा नव्हताच. मार्कर रोगट बाजूचा, झाड मात्र प्रतिकारक: खरे क्रॉसओव्हर तेच होते आणि ते माझ्या जुळलेल्या यादीत गप्प बसले होते. गुण बदलून मी ‘सुधारलेल्या’ झाडांपैकीही काहींचे मूळ गुणच बरोबर निघाले.

मार्कर जनुकापासून पुन्हा लांब सरकला, या वेळी खऱ्या कारणाने. पोस्टर मागे घ्यायचं पत्र मार्गदर्शकांकडे नेलं, तेव्हा त्यांनी आधी वह्या मागितल्या, जुन्यासुद्धा. खाडाखोड केलेली पानं त्यांनी माझ्यासमोरच उलटली.